नाशिकमध्ये ग्रीन बिल्डिंगच्या कामात शिरायचंय? मग आधी लाईटबिल वाचायला शिका

‘ग्रीन बिल्डिंग’ या नावाने नाशिकमध्ये नोकरी शोधायला निघालात तर आठवडाभरात कंटाळून जाल. तशा जाहिराती इथे फार निघत नाहीत. काम मात्र आहे, ते दुसऱ्या नावांनी येतं: सोलर साइट इंजिनिअर, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण केंद्र) ऑपरेटर, युटिलिटी (वीज, हवा, पाण्याच्या यंत्रणा) इंजिनिअर, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) एक्झिक्युटिव्ह, एमईपी (यांत्रिकी, वीज, प्लंबिंग) ड्राफ्ट्समन, सोसायटीचा फॅसिलिटी मॅनेजर. इमारतीने वीज आणि पाणी कमी खावं, कचरा कमी टाकावा आणि आत राहणारा माणूस उकडून निघू नये, हे बघणं या सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं.

भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जन, होण्याचं जाहीर केलं. हरित अर्थव्यवस्थेतून २०३० पर्यंत जगभरात २ कोटी ४० लाख नवे रोजगार तयार होऊ शकतात, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मांडला होता. भाषणात हे आकडे शोभतात. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: ही मागणी कुठून येते? एक, बांधकामाच्या नियमांतून. दोन, वाढत्या वीजबिलातून. तीन, मोठ्या कंपन्या आपल्या व्हेंडरकडे आकडे मागतात त्यातून. फॅशन गेली तरी या तीन गोष्टी जात नाहीत, म्हणून या क्षेत्रात यायला हरकत नाही असं मी म्हणतो.

पायरी १: आपण कुठल्या दारात उभे आहोत ते बघा

नवी माणसं इथेच घाई करतात. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला मुलगा सोलरच्या क्लासला जाऊन बसतो आणि इलेक्ट्रिशियन झालेला इमारतींच्या ग्रीन रेटिंगचं पुस्तक वाचत बसतो. हातात जे शिक्षण आहे त्यावरच एक थर चढवा, कमी वेळात जास्त पुढे जाल.

आयटीआय इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असाल तर रूफटॉप सोलर हे सगळ्यात जवळचं दार. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा ‘सूर्यमित्र’ हा प्रशिक्षण कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, तो मुख्यतः अशाच मुलांसाठी आखलेला आहे. प्लंबर किंवा केमिस्ट्रीचे पदवीधर असाल तर पाणी आणि एसटीपी. रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केला असेल तर तुम्हाला स्वतःची किंमत बहुतेक माहीतच नसते. जुना आर-२२ गॅस टप्प्याटप्प्याने बंद होतोय, नव्या एसींमध्ये आर-३२ येतोय आणि तो थोडा ज्वलनशील आहे. तो नीट हाताळणारा, गळती शोधणारा, गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत घेणारा मेकॅनिक शोधून सापडत नाही.

सिव्हिल आणि आर्किटेक्चरवाल्यांनी इमारतीच्या कवचाकडे बघावं: भिंत, छत, खिडकी, छज्जा. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरनी एनर्जी ऑडिटकडे, म्हणजे वीज कुठे जाते त्याच्या तपासणीकडे. कॉमर्सवाल्यांनाही जागा आहे. सेबीच्या नियमाप्रमाणे बाजारमूल्याने पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. त्यात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन सगळं येतं, आणि मग या कंपन्या अंबड-सातपूरच्या व्हेंडरला एक्सेल शीट पाठवून तेच विचारतात. युरोपला नट-बोल्ट पाठवणाऱ्यावर तर २०२६ पासून सीबीएएमचा, म्हणजे युरोपच्या कार्बन कराचा, भार आहे. ही शीट भरायला बिलं नीट फाइल करणारा, युनिट आणि किलोवॉटमधला फरक कळणारा माणूस लागतो. तो बी.कॉम. असला तरी चालतो.

पायरी २: लाईटबिल

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलाखतीत बहुतेक जण इथेच अडखळतात.

घरचं महावितरणचं बिल समोर घ्या. फक्त शेवटची रक्कम बघायची सवय मोडा. मंजूर भार किती, स्थिर आकार किती, वीज आकार आणि वहन आकार वेगळे कसे, इंधन समायोजन आकार कुठे लागला, वीज शुल्क कशावर काढलं, मागच्या बारा महिन्यांचा वापर कसा वरखाली झाला. मे महिन्याचा आणि डिसेंबरचा फरक काढला की घरातल्या पंखे-कूलर-एसीचा वाटा ढोबळमानाने कळतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी बोचरी असते, त्यामुळे गिझरचाही उंचवटा दिसतो.

मग सोसायटीचं कॉमन मीटरचं बिल मागा. सेक्रेटरी ओळखीचे असतील तर देतात. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्याचे दिवे, एसटीपीला हवा देणारा ब्लोअर असं सगळं त्या एका मीटरवर असतं. कुठली मोटर किती एचपीची आणि दिवसाला किती तास चालते हे वॉचमनला विचारून लिहून घ्या. एचपीला ०.७४६ ने गुणा, तासांनी गुणा, तीसने गुणा. ढोबळ हिशेबच आहे हा, पण त्याची बेरीज बिलाच्या जवळ आली तर तुम्ही पहिलं एनर्जी ऑडिट केलंत. लांब गेली तर कुठेतरी काहीतरी चालू राहतंय, आणि ते शोधणं हेच तर काम आहे.

त्यापुढचं बिल कारखान्याचं. उच्चदाब ग्राहकांना महावितरण एप्रिल २०२० पासून केडब्ल्यूएचऐवजी (खरा वापर) केव्हीएएचवर (लाइनमधून खेचलेली एकूण वीज) बिल लावते. म्हणजे पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेपैकी खऱ्या वापराचा वाटा) खराब असेल तर त्याची किंमत थेट युनिटमध्येच मोजावी लागते. खरा वापर ९०,००० युनिट आणि पॉवर फॅक्टर ०.९ असेल तर बिल १,००,००० युनिटचं येतं. पॅनेलमधला पॉवर फॅक्टर सुधारणारा एखादा कपॅसिटर उडालेला असतो आणि सहा-सहा महिने कोणाच्या लक्षात येत नाही. बिलावरून हे ओळखून दाखवणाऱ्या पोराला पुन्हा बोलावणं येतंच.

हातात काही मशीन नसताना करता येणारी आणखी एक चाचणी आहे. सुट्टीच्या दिवशी किंवा जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं बंद असताना कंप्रेसर चालू करायचा आणि घड्याळ लावून बसायचं. हवा कोणी वापरतच नाही, तरी कंप्रेसर दोन मिनिटं लोड होतो (हवा भरतो) आणि सहा मिनिटं अनलोड राहतो (नुसता फिरतो) असं दिसलं, तर आठातली दोन मिनिटं, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जातेय. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जॉइंट शोधत फिरायचं. सातपूर-अंबडच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे करून बघा. मालकाला ‘सस्टेनेबिलिटी’ सांगत बसू नका, महिन्याचे किती रुपये हवेत जातात ते सांगा.

पायरी ३: एक इमारत नीट बघा

कोर्सला पैसे भरण्याआधी राहता त्याच इमारतीचा अभ्यास करा. खर्च म्हणजे एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि एक वही.

एप्रिलमध्ये दुपारी दोनला गच्चीवर जा. उघड्या ब्रिकबॅट कोब्याचं तापमान घ्या, शेजारी पांढऱ्या चायना मोझॅकचा किंवा पांढऱ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याचंही घ्या. मग खाली वरच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छताची आतली बाजू मोजा. रात्री नऊला पुन्हा तेच करा. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन रात्री ते घरात कसं सोडतो, हे एकदा स्वतः मोजलं की निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिते’तले आकडे पाठ करावे लागत नाहीत. २०१८ च्या या संहितेत छताचं यू-मूल्य (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचं माप) जास्तीत जास्त १.२ आणि बाहेरच्या कवचातून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक, आरईटीव्ही, थंड हवामानाचे प्रदेश सोडून जास्तीत जास्त १५ वॅट प्रति चौरस मीटर सांगितला आहे. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी आणि वर छज्जा नाही, असा फ्लॅट बघितला की हा पंधराचा आकडा कुठे मोडतो ते दिसतं. वेळ मिळाला तर पंचवटी-भद्रकालीतला एखादा शाबूत वाडा बघून या. जाड भिंती, मधला चौक, छोट्या खिडक्या. आर्किटेक्चरच्या मुलांनी सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

गच्चीवर आहातच तर सोलरचाही सर्व्हे करा. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल त्याच्याच आसपास. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारची नवी इमारत यांची सावली डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी चारला कुठे पडते ते काढा. टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या स्ट्रिंगचं (एका ओळीत जोडलेल्या पॅनेलांचं) उत्पादन खाली येऊ शकतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. तेव्हापासून गल्लीगल्लीत सोलरवाले झाले आहेत. सर्व्हे नीट करणारे त्या मानाने कमीच.

गच्चीवर काम करायचं ठरवलंत तर एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा. मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये व्होल्टेज असतं. स्ट्रिंगमध्ये कित्येक शे व्होल्ट डीसी असतो आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप तुटत नाही. हार्नेस आणि ग्लोव्ह्ज न देता कडेला चढायला लावणाऱ्या ठेकेदाराकडे शिकाऊ म्हणूनही राहू नका.

आता पाणी. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या छतावरून वीस टक्के वाया गेला तरी ५६,००० लिटर पाणी मिळतं. ते नुसत्या खड्ड्यात सोडून भागत नाही, कारण खाली बेसॉल्ट आहे. मुरूम किंवा भेगाळलेला खडक असेल तिथे पाणी मुरतं, घट्ट काळ्या पाषाणात ते तसंच साचून राहतं. म्हणून बोअर कुठल्या थरातून गेलाय हे आधी विचारायचं आणि गाळणीचा खड्डा त्याप्रमाणे ठरवायचा.

मोठ्या सोसायटीत एसटीपी असेल तर ऑपरेटरशी ओळख करून घ्या. एरेशन (हवा सोडायच्या) टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन अर्धा तास हलवायचं नाही, मग खाली किती मिली गाळ बसला ते बघायचं. दोनशे-तीनशेच्या आसपास बसला, रंग कॉफीसारखा तपकिरी आणि वास मातीचा असला की जिवाणू खूश आहेत. काळपट रंग आणि कुजका वास म्हणजे हवा कमी पडतेय, बहुतेक वेळा वीज वाचवायला कोणीतरी ब्लोअर बंद ठेवलेला असतो. अनेक ठिकाणी एसटीपी ऑक्युपन्सी सर्टिफिकेट मिळेपर्यंतच चालतो, हे गावातलं उघड गुपित आहे. तो खरोखर चालवून दाखवणाऱ्याला म्हणूनच किंमत आहे.

पायरी ४: नियम, पण कामापुरते

सगळे वाचू नका, हे पुरे आहेत. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० मध्ये आली आणि नाशिकला लागू आहे. तिच्यात ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पावसाचं पाणी साठवणं-मुरवणं आहे; सोलरच्या आणि सांडपाण्याच्या पुनर्वापराच्या अटीही आहेत, पण त्यांच्या मर्यादा वेगळ्या. ग्रीन रेटिंग घेतलं तर मूळ एफएसआयवर (भूखंडावर परवानगी असलेल्या बांधकामावर) ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळण्याची तरतूद आहे. बिल्डर रेटिंगसाठी कन्सल्टंट का शोधतो, याचं उत्तर बहुधा या तीन आकड्यांत असतं. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन) अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आणि तिच्यासोबत दर सहा महिन्यांचे अहवालही. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या निवासी इमारतीही इमारतींच्या ऊर्जा संहितेच्या कक्षेत आल्या. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्यांनी फ्लाय अॅशचे (कोळशाच्या राखेचे) नियमही चाळावेत. विटा आणि ब्लॉकचा धंदा त्यावर चालतो.

पायरी ५: सर्टिफिकेट कधी आणि कुठलं

भारतात तीन रेटिंगची नावं सतत कानावर पडतील. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योग संघटनेची २००१ साली सुरू झालेली, हैदराबादची परिषद. गृहा ही टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर उभी केलेली पद्धत. लीड ही अमेरिकेची. नाशिक-पुणे पट्ट्यात निवासी कामं करायची असतील तर आधी आयजीबीसीची एपी (अॅक्रेडिटेड प्रोफेशनल) परीक्षा, सरकारी इमारतींकडे ओढा असेल तर गृहा, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत किंवा आखातात जायचं असेल तर लीड ग्रीन असोसिएट. तिन्ही एकदम देऊ नका, फीचे पैसे वाया जातील.

बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, एनर्जी मॅनेजर-ऑडिटर परीक्षा या सगळ्यांपेक्षा वजनदार. तिला इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर तीन आणि डिप्लोमानंतर सहा वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून ती पुढची पायरी. पण तिची चार पुस्तकं बीईईने फुकट उपलब्ध करून दिली आहेत, ती आजच वाचायला घ्या. कंप्रेसर, पंप, बॉयलर, लायटिंग सगळं त्यात उदाहरणांसकट आहे.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेल्या क्लासबद्दल एवढंच: सर्टिफिकेट कोण देणार, त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या केंद्राचं नाव आहे का, आणि मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का, हे विचारा. टाळाटाळ झाली की उठा.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एक्सेल सगळ्यात आधी, मग ऑटोकॅड. सोलरला पीव्हीसिस्ट. इमारतीच्या मॉडेलिंगला एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ, दोन्ही मोफत आहेत.

पायरी ६: नाशिकमध्ये काम कुठे शोधायचं

सातपूर, अंबड, सिन्नर-मुसळगाव या औद्योगिक वसाहतींतले युटिलिटी आणि मेंटेनन्स विभाग हे पहिलं ठिकाण. तिथे अप्रेंटिस म्हणून शिरा, राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेचं पोर्टल आहेच. दुसरं, महावितरणकडे नोंदणी असलेल्या सोलर एजन्सी. तिसरं, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या मोठ्या सोसायट्या आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या फॅसिलिटी कंपन्या. चौथं, बिल्डरांचे आणि एमईपी सल्लागारांचे ऑफिस. निव्वळ रेटिंग आणि मॉडेलिंग करणारी ऑफिसं मुख्यतः पुण्या-मुंबईत आहेत, पण त्यांचं बरंच काम आता घरून होतं आणि साइटवर जायला नाशिकचा माणूस त्यांनाही हवा असतो.

२०२७ च्या कुंभमेळ्यासाठीची रस्ते, घाट, पाण्याची कामं बघून बरेच जण हुरळले आहेत. अनुभव जरूर घ्या, पण सिंहस्थाची भरती सिंहस्थापुरतीच असते. करारावर लागत असाल तर साइटवर असतानाच पुढच्या कामाची चाचपणी चालू ठेवा.

मुलाखतीला बायोडेटासोबत पाच-सहा पानांची एक फाइल न्या: सोसायटीच्या बिलाचा तक्ता, गच्चीची तापमानं, सावलीचा नकाशा, कंप्रेसरची किंवा एसटीपीची एखादी चाचणी. फोटोंवर तारीख आणि वेळ टाका. पगार सुरुवातीला पुण्यापेक्षा कमीच सांगतील. त्यावर घासाघीस करण्यापेक्षा मोजमापाची उपकरणं हाताळायला मिळतील का, साइटवर किती दिवस, परीक्षेची फी कंपनी भरेल का, आणि उंचीवरच्या कामाचा विमा आहे का, हे विचारून घ्या. इलेक्ट्रिकलवाल्यांनी राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडून मिळणारा वायरमन किंवा सुपरवायझर परवाना लवकरात लवकर काढावा. त्याशिवाय सही तुमची चालत नाही.

वर्ष-दोन वर्षांनी सोसायट्यांची स्वतंत्र कामं घ्यायला लागलात तर कोटेशन एका पानाचं ठेवा. काय मोजणार, काय मोजणार नाही, अहवाल किती दिवसांत, किती फेऱ्या, हे स्वच्छ लिहा आणि अर्धे पैसे आधी घ्या. कमिटी बदलली की जुन्या कमिटीने तोंडी दिलेला शब्द कोणी मानत नाही, म्हणून ठरावाची प्रतही मागून घ्या. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सहसा सक्ती नाही, पण कंपन्यांची कामं हवी असतील तर नंबर मागितला जाईल, तेव्हा सीएशी बोलून ठेवा.